'हार्म' आणि त्याचे सोबती

इंग्रजी लिहावयास नुकत्याच लागलेल्या मराठी मुलाची वही वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. 'पुराने पिकांचे फार नुकसान केले' हे वाक्य भाषांतरास दिले की, पूर, पीक व नुकसान यांचे इंग्रजी शब्द तो कोशातून अचूक शोधून काढतो. अडतो तो क्रियापदापाशी. पुराने डॅमेज 'मेड', 'गेव्ह' की 'डिड'? मास्तर तांबड्या शाईने 'डिड' किंवा 'कॉज्ड' लिहितात, आणि मुलाने कारण विचारलेच तर 'तशी वहिवाट आहे' एवढेच उत्तर मिळते. पुढे तोच मुलगा पाठ करतो की, हार्म 'डू' करावयाचे, इंज्युरी 'कॉज' करावयाची, घाव 'इन्फ्लिक्ट' करावयाचा, हॅवॉक 'रीक' करावयाचा. आणि ज्याच्यावर हे सारे गुदरते त्याने तोटा 'सफर' करावयाचा व इजा 'सस्टेन' करावयाची. या जोड्यांची अदलाबदल झाली की इंग्रज हसतो; पण का हसतो हे त्यालाही सांगता येत नाही.

वहिवाट हे उत्तर खोटे नव्हे. पण वहिवाटीलाही इतिहास असतो, आणि इजेच्या शब्दांचा इतिहास तर वहीच्या पानावर मावण्यासारखा नाही. या शब्दांपैकी कोणता कोणाच्या शेजारी बसला आहे, एवढ्यावरून इंग्लंडात माणसे फासावर गेली आहेत आणि सुटलीही आहेत. त्या इतिहासाची काही पाने येथे उलगडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. 'हार्म' हा जुन्या इंग्रजीतला, अगदी घरचा शब्द. त्याचा मूळ अर्थ केवळ शरीराची इजा असा नव्हता. दुःख, शोक, मनाला लागलेले शल्य हेही त्यात येत असे. उत्तरेकडील नॉर्स भाषेतील त्याच्या सख्ख्या भावाचा अर्थ तर शोक असाच होता. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा दरबारात व न्यायालयात बसली. तिच्याबरोबर 'डॅमेज' आला, 'इंज्युरी' आला, 'मॅलिस' आला, 'ऑफेन्स' आला. 'हर्ट' हासुद्धा मूळचा फ्रेंच असून धडक देणे, आदळणे हा त्याचा पहिला अर्थ होता. न्यायालयातील वाद इंग्रजीत चालवावेत असा कायदा 1362 साली झाला खरा, पण वकिलांची फ्रेंच आणि दप्तराची लॅटिन यांनी आपली जागा सोडली नाही. 1731 सालच्या कायद्याने त्यांची उचलबांगडी झाली तेव्हा नॉर्मन विजयाला साडेसहाशे वर्षे उलटून गेली होती. भाडेकरू गेला तरी त्याने भिंतीत ठोकलेल्या खुंट्या राहतात, तसे फ्रेंच भाषेचे वळण इंग्रजी शब्दसमूहांत राहिले. खुनाच्या कायद्यातील 'मॅलिस अफोरथॉट' पाहा. इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी यावयाचे. येथे ते मागून आले आहे, कारण जुन्या फ्रेंच जोडीतला दुसरा शब्द काढून त्याच जागी इंग्रजी शब्द बसविला, जागा मात्र बदलली नाही.

आपल्याकडे याहून निराळे घडले असे कोणी समजू नये. इजा, जखम, नुकसान हे आपल्या रोजच्या तोंडचे शब्द फारसी दप्तराबरोबर आले. हानी व अपाय हे संस्कृताच्या घरून आले. आणि घरच्या मराठीने त्यांना आपली क्रियापदे दिली. म्हणून इजा 'पोचते', नुकसान 'सोसावे' लागते, अब्रूला 'धक्का लागतो' आणि जखम 'चिघळते'. 'इजा सोसली' असे म्हटले तर मराठी माणसाच्याही कपाळाला किंचित आठी पडते.

आता न्यायालयाकडे वळू. जुन्या इंग्लिश कायद्यात शरीराच्या इजेला जो मोठा शब्द होता तो 'मेहेम'. आज या शब्दाचा अर्थ गोंधळ, दंगा असा झाला आहे, पण तेव्हा तो फार मोजून-मापून वापरीत. माणूस ज्या अवयवाच्या बळावर लढतो त्या अवयवाचा नाश म्हणजे मेहेम. हात, बोट, डोळा यांत येत. आणि मौज अशी की, पुढचा दातही येत असे, पण नाक व कान येत नसत. 1765 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या टीकाग्रंथात ब्लॅकस्टोनने याचे कारण स्पष्ट दिले आहे. नाक किंवा कान गेल्याने मनुष्य विद्रूप होतो, दुबळा होत नाही. नकटा शिपाई राजाच्या कामी तितकाच येतो. म्हणजे इजा माणसाची नव्हे, राजाच्या फौजेची मोजली जात होती. 'नाक कापले' म्हणजे अब्रू गेली असे मानणाऱ्या आपल्या लोकांस हा हिशेब विचित्र वाटेल. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या एका मराठी बैलवाल्याचे नाक कापले गेले होते. कपाळाच्या कातड्याचे नवे नाक त्याला पुण्याकडे बसविण्यात आल्याची हकीकत लंडनच्या एका मासिकात 1794 साली चित्रासह छापली गेली. तिकडचे शस्त्रवैद्य ती वाचून चकित झाले. नाकासाठी एवढा खटाटोप कोणी केला असेल हे कदाचित त्यांच्या वकिलांना कळले नसते.

पण नाकाची किंमत इंग्लंडच्या पार्लमेंटाला त्यापूर्वीच एकदा कळली होती. 1670 साली नाटकगृहांवर कर बसवावा काय असा वाद तेथे निघाला. नटमंडळी राजाच्या सुखाची साधने आहेत, त्यांवर कर नको, असे दरबारी पक्ष म्हणू लागला. तेव्हा सर जॉन कॉव्हेंट्री या सभासदाने विचारले की, राजाचे सुख नटांत आहे की नटींत? दुसऱ्या चार्ल्सचे नटींशी असलेले संबंध साऱ्या लंडनला ठाऊक होते. त्याच डिसेंबरात काही शिपायांनी कॉव्हेंट्रीला रस्त्यात गाठून त्याचे नाक हाडापर्यंत चिरले. पार्लमेंट खवळले. जुन्या कायद्याप्रमाणे हे मेहेम ठरत नव्हते, म्हणून लगोलग नवा कायदा झाला. दबा धरून, विद्रूप करण्याच्या हेतूने जीभ कापणे, डोळा फोडणे, नाक चिरणे किंवा नाक-ओठ कापणे याला देहान्त शिक्षा सांगितली गेली. लोक त्याला कॉव्हेंट्रीचाच कायदा म्हणत.

या कायद्याखाली 1722 साली जो खटला चालला तो इंग्लिश न्यायाच्या इतिहासात अद्भुतच म्हणावा लागेल. सफोक परगण्यातील बेरी सेंट एडमंड्स येथील ॲरंडेल कोक नावाच्या बॅरिस्टराने आपल्या मेव्हण्यास घरी जेवावयास बोलाविले, आणि जेवणानंतर चर्चच्या आवारात, पैसे देऊन तयार ठेवलेल्या वुडबर्न नावाच्या मजुराकडून त्याच्यावर कोयत्याचे वार करविले. मेव्हणा मेला असे समजून दोघे परतले, पण तो जिवंत राहिला. नाक मात्र चिरले गेले होते. खून झाला नसल्यामुळे कोकवर कॉव्हेंट्रीच्या कायद्याने आरोप ठेवण्यात आला. तेव्हा हे कायदेपंडित भर न्यायालयात काय म्हणाले? माझा हेतू ठार मारण्याचा होता, विद्रूप करण्याचा नव्हता. कायद्यात 'विद्रूप करण्याच्या हेतूने' असे शब्द आहेत, म्हणून तो मला लागू नाही! आपला प्राण वाचविण्यासाठी खुनाचा हेतू कबूल करणारा आरोपी विरळाच. ज्यूरीने त्याचे ऐकले नाही. ठार मारावयास निघालेला मनुष्य वाटेत विद्रूपही करतो असे मानून दोघांना दोषी ठरविले, आणि दोघेही फाशी गेले. निकाल न्याय्य होता याबद्दल आम्हांस शंका नाही. पण कोकचा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे मात्र म्हणवत नाही.

अवयवांची यादी देऊन इजा सांगण्याची ही पद्धत किती अपुरी आहे हे हळूहळू दिसू लागले. 1803 साली मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी जो कायदा आणविला त्यात यादीच्या शेवटी एक मोकळी पिशवी ठेवली गेली: 'ग्रीव्हस बॉडिली हार्म'. या तीन शब्दांची जोडणी पाहण्यासारखी आहे. 'ग्रीव्हस' फ्रेंच घराण्याचा, भारदस्त. 'बॉडिली' व 'हार्म' दोन्ही गावठी इंग्रजी. आणि 'बॉडिली' हे विशेषण जोडावे लागले यातच सारा इतिहास आला. मूळच्या 'हार्म'मध्ये शोक व शल्य सामावलेले होते. कायद्याने त्याच्यापुढे 'शरीराची' अशी पाटी लावून मनाला बाहेर उभे केले.

पिशवी आली तरी क्रियापदांचा काच राहिलाच. वार कसा केला हे सांगताना 1803 च्या कायद्यात 'भोसकणे' व 'कापणे' असे शब्द होते. 1828 साली त्यांत 'जखम करणे' हा वाढविला. पुढे 1830 च्या दशकात दातांनी चावून बोट तोडल्याचा एक व नाक तोडल्याचा एक असे खटले आले, तेव्हा न्यायाधीशांनी ठरविले की, ही 'जखम करणे' नव्हे. कारण जखम हत्याराने होते, आणि दात हे हत्यार नव्हे. बोट गेलेल्या माणसास हा निकाल कोणी समजावून सांगितला असेल तर त्याच्या धीराची धन्य!

1861 साली असे विखुरलेले कायदे एकत्र करून नवा कायदा करण्यात आला, आणि तोच इंग्लंडात आजही चालू आहे. ज्याने तो जुळविला त्याने मोकळेपणी कबूल केले आहे की, निरनिराळ्या कायद्यांतील कलमे शेजारी मांडली, त्यांची भाषा एकसारखी करण्याचा प्रयत्न केला नाही. परिणाम असा झाला की, एकाच कायद्यात तीन क्रियापदे नांदू लागली. अठराव्या कलमात भारी इजा 'कॉज' करावयाची. विसाव्यात तीच 'इन्फ्लिक्ट' करावयाची. आणि सत्तेचाळिसाव्यात साधी प्रत्यक्ष इजा 'ऑकेजन' करावयाची. शाळेत मास्तरांनी ज्या भेदावर तांबडी रेघ ओढली असती तो भेद आता माणसाच्या तुरुंगवासाचा प्रश्न झाला.

हा प्रश्न 1888 साली अत्यंत दुःखद रूपाने उभा राहिला. आपल्याला गुप्तरोग आहे हे ठाऊक असून एका नवऱ्याने तो लपविला व बायकोला रोग दिला. तिला भारी इजा झाली हे कोणी नाकारले नाही. पण खटला विसाव्या कलमाखाली होता, आणि तेथे शब्द 'इन्फ्लिक्ट' होता. या शब्दाच्या लॅटिन मुळात आघात आहे, अंगावर आदळणे आहे. रोग तर न कळत, काही दिवसांनी अंगात उमटतो. तेरा न्यायाधीश बसले. त्यांपैकी नऊ जणांनी नवऱ्यास सोडले. पत्नीची संमती वगैरे इतर कारणेही निकालात होती, आणि त्या काळची लग्नाविषयीची समजूत त्यांत स्पष्ट दिसते. तरीपण आम्हांस असे वाटते की, जर कलमात 'इन्फ्लिक्ट'च्या जागी 'कॉज' असता तर त्या नऊ जणांना निदान अधिक अवघड वाट चालावी लागली असती.

या निकालाची छाया शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली. मग 1997 साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे असे प्रकरण आले की, त्यात आघात तर नव्हताच, पण स्पर्शही नव्हता. एका पुरुषाने, मैत्री तोडलेल्या एका स्त्रीचा पिच्छा पुरविला. टेलिफोन करावा आणि काही न बोलता गप्प राहावे, पत्रे टाकावीत, घराजवळ घुटमळावे. त्या बाईला तीव्र मानसिक विकार जडला. अंगावर ओरखडा नाही, मग 'बॉडिली हार्म' कशी? आणि हात लावला नाही, मग 'इन्फ्लिक्ट' कसे? न्यायमूर्तींनी दोन्ही गाठी सोडविल्या. वैद्यांना ओळखता येणारा मनाचा विकार हीही शरीराचीच इजा होय, आणि ती देण्यासाठी प्रहार करावाच लागतो असे नाही, असा निर्णय झाला. 2004 साली 1888 चा निकालही त्यांच्या खालच्या वरिष्ठ न्यायालयाने मोडीत काढला. 'बॉडिली' या पाटीने बाहेर ठेवलेले दुःख असे पुन्हा 'हार्म'मध्ये शिरले. त्याला परतावयास बरोबर 194 वर्षे लागली. जुने सॅक्सन लोक काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांच्या शब्दात ते पहिल्यापासून होतेच.

शरीराकडून आता पैशाकडे व हक्काकडे वळू, कारण तेथेही दोन जुळ्या शब्दांची फारकत मनोरंजक आहे. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, 'इंज्युरी' म्हणजे इजा असे आपण शिकतो. परंतु 'इंज्युरी'चे लॅटिन मूळ हक्काच्या विरुद्ध घडलेली गोष्ट असे आहे; रक्त येण्याशी त्याचा मुळात संबंध नाही. 1410 साली ग्लॉस्टर गावी जुन्या शाळेच्या मास्तरांनी फिर्याद आणली की, दुसऱ्या एकाने शेजारी शाळा काढल्यामुळे आमची फी तिमाहीला 12 पेन्सांवर उतरली. न्यायालय म्हणाले, तुमचे डॅमेज झाले हे खरे, पण इंज्युरी झाली नाही. शाळा काढण्याचा हक्क त्यालाही आहे. शिकवणीवर्गांच्या चढाओढीत पोळलेल्या आमच्या काही मित्रांनी हा निकाल अवश्य वाचावा. याच्या नेमके उलट 1703 चे प्रकरण. एल्सबरी येथील मॅथ्यू ॲश्बी नावाच्या चांभाराला निवडणुकीत मत देऊ दिले नाही. तो ज्यांना मत देणार होता ते उमेदवार निवडून आलेच. मग त्याचे बिघडले काय? त्याच्याबरोबरच्या न्यायाधीशांनी तसेच म्हटले. मुख्य न्यायाधीश होल्ट मात्र एकटे उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचाच पक्ष उचलला: पैचे नुकसान नसले तरी हक्क मोडला की इंज्युरी झालीच. गरीब चांभारासाठी एवढा मोठा शब्द खर्ची पडला, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

आता आपल्या देशाशी या इतिहासाचा जो खरा धागा आहे तो. मेकॉले 1834 साली हिंदुस्थानात आला आणि 1837 साली त्याच्या कमिशनाने दंडसंहितेचा मसुदा सादर केला. मेकॉलेच्या शिक्षणविषयक मतांबद्दल आमच्या पिढीने पुष्कळ कडू लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पण या मसुद्यातील भाषा पाहिली म्हणजे त्याची तारीफ केल्यावाचून राहवत नाही. मेहेम, मॅलिस, इन्फ्लिक्ट ही सारी जुनी वाजंत्री त्याने दारातच थांबविली. 'हर्ट' हा एक छोटा शब्द घेतला, त्याला 'कॉज' हे एकच क्रियापद दिले, आणि व्याख्या केली: शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता उत्पन्न करणे. त्यात 'रोग' हा शब्द उघड आहे. 1888 साली लंडनात नऊ न्यायाधीशांना जे सापडले नाही ते निदान अक्षरांत तरी येथे अगोदरच लिहिलेले होते. संहिता 1860 साली मंजूर झाली, तेव्हा मेकॉलेला जाऊन काही महिने झाले होते. त्याच संहितेतील 'इंज्युरी'ची व्याख्या शरीर, मन, अब्रू व मालमत्ता या चारांना एकत्र घेते. आणि दुसऱ्या एका कलमात असे म्हटले आहे की, सामान्य समजुतीचा व स्वभावाचा माणूस जिची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हाच नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणांवर याहून सुबुद्ध वाक्य कायद्याच्या पुस्तकात आम्ही वाचलेले नाही.

'ग्रीव्हस हर्ट' म्हणजे किती, हेही त्या संहितेने आठ प्रकार देऊन सांगितले. इंग्लंडात 'ग्रीव्हस' म्हणजे खरोखर गंभीर, एवढा अर्थ ठरविण्यास 1960 साल उजाडले; येथे वीस दिवस तीव्र वेदना किंवा वीस दिवस नेहमीची कामे करण्यास असमर्थता, असे मापच दिलेले होते. मराठीत याला 'जबर दुखापत' म्हणतात, आणि ही जोडी आम्हांस फार सुंदर वाटते: 'जबर' परदेशाहून आलेला, भारदस्त, 'दुखापत' दुःखातून निघालेली, घरची. 'ग्रीव्हस' आणि 'हार्म' यांचेही नाते हेच होते. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात वीस दिवसांचे पंधरा झाले, पण मोडलेल्या दाताची गणना जबर दुखापतीत पूर्वीप्रमाणेच होते. लढणाऱ्याच्या पुढच्या दातापासून निघालेला हा शब्दांचा प्रवास दातापाशीच येऊन ठेपला आहे.

एक जोडी राहिली, ती आमच्याच काळातली. शीतयुद्धात अण्वस्त्रांचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञांनी रूढ केलेला 'कोलॅटरल डॅमेज' हा शब्दसमूह 1991 च्या आखाती युद्धात घरोघर ऐकू आला. 'कोलॅटरल' म्हणजे बाजूचे, सोबतचे. 1999 च्या एप्रिलात नाटोच्या विमानांनी सर्बियात ग्रडेलित्सा येथील पुलावर बॉम्ब टाकला तेव्हा प्रवाशांनी भरलेली आगगाडी त्यावर होती. अशा मृत्यूंना त्या युद्धात हेच नाव दिले गेले, आणि त्याच वर्षी जर्मनीतील भाषातज्ज्ञांच्या मंडळाने त्याचे जर्मन रूप वर्षातील सर्वांत निंद्य शब्द म्हणून निवडले. या जोडीजवळ 'डू' नाही, 'कॉज' नाही, 'इन्फ्लिक्ट' तर नाहीच. ते केवळ 'ऑकर' होते, म्हणजे घडते. कोकला निदान आपला हेतू सांगावा लागला होता. या शब्दाला मराठी प्रतिशब्द करून पाहावा म्हणून आम्ही एकदा बसलो; 'आनुषंगिक हानी' असे लिहिले, वाचून पाहिले, आणि जवळ बसलेल्या आमच्या वडील भगिनींनी विचारले, 'हानी? कुणाची?'